अर्धी निघालेली पट्टी

मिस्त्रींची लेक आली तेव्हा आत्याने नुकताच चहा ओतला होता. तो तसाच गार झाला.

आत्या म्हणजे अख्ख्या गल्लीची आत्या. पूर्वी ती विमा कंपनीसाठी अपघात खरे की खोटे ते तपासायची. निवृत्त झाल्यावर तेच काम खासगीत करू लागली. सोबतीला भाचा होता. गाडी चालवायची आणि नेमका भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, ही दोन कामं तो मनापासून करायचा.

लेकीचं रडून झालेलं होतं. वडील आपल्या फर्निचरच्या कारखान्यात, भुसा दाबून केलेल्या बोर्डांच्या थप्पीखाली मेलेले सापडले होते. एका शाळेची पुस्तकांची मांडणी वाकली म्हणून परत आली होती. ती का वाकली ते बघायला वडील बोर्डांच्या कडेला चिकटवलेल्या पट्ट्या काढत होते. धाकट्या भावाशी त्यांचं सकाळी कडाक्याचं वाजलं, ते शेजारच्या दुकानांनीही ऐकलं. आता पोलीस म्हणत होते की धाकट्यानेच काम करणाऱ्या बापावर थप्पी ढकलली.

"तो आडदांड आहे, आत्या. पण बाबांच्या अंगावर हात टाकणारा नाही. त्याला सोडवा."

पोलिसांनी परत केलेली पिशवी तिने पुढे ठेवली. किल्ल्या, रुमाल आणि खिशातल्या डबीत घडी करून ठेवलेला जाड भिंगांचा चष्मा. तो चष्मा बघून तिला पुन्हा भरून आलं. त्याच्याशिवाय बाबांना हातातला खिळाही दिसायचा नाही, असं ती म्हणाली.

कारखाना अंधारा होता. भुसा आणि पॉलिशचा वास नाकात बसत होता. फौजदार आत्याच्या जुन्या ओळखीचा होता. त्याने कशालाही हात लावू दिला नव्हता. टेबलावर एक बोर्ड आडवा होता. त्याची पट्टी अर्धी निघून लोंबत होती. जिथून ती निघाली होती तिथली कड हात फिरवावा अशी गुळगुळीत होती. शेजारी हीट गन, म्हणजे पट्टीचा गम सुटावा म्हणून गरम हवा फेकणारं यंत्र, नळी वर करून उभं होतं. बटण बंद. टेबलाच्या फळीवर जागोजागी काळे डाग होते.

"हे डाग कसले?"

"धाकट्याचे," लेक म्हणाली. "गन तापलेली असताना आडवी टाकतो. बाबा ओरडून ओरडून थकले."

आत्याने कोपऱ्यातलं कचऱ्याचं पोतं उपसलं. त्यात काढलेल्या पट्ट्यांची भेंडोळी होती. पाठीला भुसा चिकटलेला, फुगलेला, बोटाने दाबला की पीठ होणारा. मग ती प्रत्येक बोर्डावर टिचकी मारत फिरली. सगळे बोर्ड कोरडे आणि खणखणीत होते.

"मग काय झालं?" भाच्याने विचारलं. "बोर्ड चांगले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे ना?"

"तू गाडीत बस बरं," आत्या म्हणाली. तो बसला नाही.

तिने कारखान्यात काम करणाऱ्या तिघांना बोलावून घेतलं. पॉलिशवाल्याला प्रेत आधी दिसलं होतं. त्याची अजून पाचावर धारण बसलेली होती. जेवून आलो, पाय दिसले, ओरडत बाहेर पळालो, कशाला शिवलो नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. धाकट्याला फौजदाराने चौकीतून आणलं. तो म्हणाला की सडके बोर्ड मी घातले असं बाबा बोलले, मी नाही म्हटलं, त्यांना पटेना, म्हणून निघून गेलो. जावई, म्हणजे लेकीचा नवरा, कारखान्याचा पहिला कारागीर. तो सकाळपासून टेम्पो घेऊन गिऱ्हाइकाकडे फिटिंगला गेला होता. मेव्हण्यासाठी वकील बघतो, असंही तो लेकीला सांगत होता.

आत्याने प्रत्येकाला एकेक जुना बोर्ड दिला आणि पट्टी काढायला सांगितली.

"ही काय शाळेची परीक्षा आहे का?" भाचा कुजबुजला.

पॉलिशवाल्याने थिनर आणि चिंधी मागितली. आपल्या हाताला कायम थिनर, त्यामुळे गनच्या वाटेला आपण कधी जात नाही, असं म्हणाला. धाकट्याने गन भसाभसा फिरवली. पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघाली, गम कडेला तसाच राहिला. आत्याने "पुरे" म्हणताच त्याने गन आडवी टाकली. टेबलावर आणखी एक डाग उठला.

जावयाचं काम बघत राहावं असं होतं. गन पुढे, खरवडायची पत्री मागे, पट्टी अखंड सुटत आली. लेकीच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. "यांचा हात किती साफ आहे बघा," ती म्हणाली.

"पुरे," आत्या म्हणाली.

जावई थांबला. पण आधी त्याने निघालेल्या भागावरचा गरम गम पत्रीने खरवडला. मग गन थंड हवेवर केली, बंद केली आणि नळी वर करून उभी ठेवली.

त्याच्या हाताखालचा बोर्ड आणि मिस्त्रींचा तो बोर्ड शेजारी शेजारी होते. दोन्हीची पट्टी अर्धी, कड गुळगुळीत, गन उभी. लेक दोन्हींकडे बघत होती. तिला सगळ्यांच्या आधी कळलं.

आत्या हळू आवाजात बोलली. मिस्त्रींचा चष्मा डबीत होता. चष्म्याशिवाय ते पट्टी काढूच शकत नव्हते. म्हणजे मरताना ते काम करत नव्हते, आणि करत असते तर गन हातातून पडली असती. ती बंद करून उभी ठेवायला कोणीतरी जिवंत माणूस लागतो. पॉलिशवाला गनला शिवत नाही. धाकटा ती उभी ठेवत नाही, गमही साफ करत नाही. पोत्यातल्या पट्ट्यांना सडका भुसा आहे, पण इथे सडका बोर्ड एकही नाही. ते बोर्ड इथून टेम्पोतूनच जाऊ शकतात.

"धाकटा गेल्यावर तुम्ही टेम्पो घेऊन परत आलात. तोवर मिस्त्रींना कळलं होतं की नव्या पट्टीखाली सडका माल घालणारा हात धाकट्याचा नाही. इतकी सफाई त्याला जमतच नाही. ते शाळेला सांगणार होते?"

जावयाने हातातली पत्री टेबलावर ठेवली.

"सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणार होते. मी फक्त ढकललं. डोकं कोपऱ्यावर आपटलं." मग त्याने वर थप्पी पाडली, सडके बोर्ड टेम्पोत भरले, आणि काम चालू होतं असं दिसावं म्हणून एका चांगल्या बोर्डाची अर्धी पट्टी काढली.

"मग गम कशाला साफ केलात?" भाच्याला राहवेना.

"गार झाल्यावर निघत नाही," जावई म्हणाला, आणि आपल्या सवयीनेच आपल्याला पकडून दिलं ते त्याच्या लक्षात आलं.

फौजदाराने धाकट्याला मोकळं केलं. तो बहिणीजवळ गेला, पण तिला जवळ कसं घ्यावं हे त्याला समजेना. ती आत्याला म्हणाली, "मी भावासाठी आले होते."

काही दिवसांनी धाकटा आत्याकडे येऊन बसला. ताईने पत्री घेऊन घरातल्या कपाटांच्या, पलंगाच्या, देव्हाऱ्याच्यासुद्धा सगळ्या पट्ट्या उचकटल्या, असं त्याने सांगितलं. नवऱ्याने लग्नानंतर स्वतःच्या हाताने बनवलेलं सामान होतं ते.

"आत काय निघालं?" भाच्याने विचारलं.

"एकही बोर्ड सडका नाही. तिच्यासाठी घातलेला सगळा माल अस्सल," धाकटा म्हणाला. "तेव्हापासून ती जेवत नाही."