भाऊबीजेच्या दुपारचा हुंकारा

विश्वास ठेवायचा त्यानं ठेवावा. न्हाई त्यानं पुढं सरकावं, मोबाईल तुमच्याच हातात हाय. पण खोटं म्हणायचं आसंल तर आमच्या दारात येऊन म्हणा. युसूफ वडगावच्या पुढं, शिवाराच्या कडंला आमची वस्ती हाय. भामाबाईचं घर म्हणलं की शेंबडं पोरगं बी दाखवतंय.

भुताच्या गोष्टीत दर टायमाला अमावस्या आसती. रात्रीचे बारा वाजलेले आसतात.

ही गोष्ट तशी न्हाई.

ही दुपारची हाय. गेल्या सालच्या भाऊबीजेची दुपार. लख्ख ऊन पडलं होतं.

मी दुसरीतनं शाळा सोडली. अक्षर येतं, पण आता बोटं वळत न्हाईत. म्हणून मी बोलते अन् मोबाईल लिहून घेतो. आत्ता दिवा लागलाय. शेजारी पाटावर थोरली सून मंगल बसलीया, मला हुंकारा द्यायला.

कावून, ते पुढं कळंल.

उत्तरेश्वर माझा धाकटा. तुमी हे पेज वाचताव म्हणजे त्याची पुस्तकं वाचलीच आसणार. पुढं कवटी, रक्ताचे ओघळ, अन् मागच्या बाजूला काळा शर्ट घालून ह्याचा फोटो. एसटी स्टँडावर बी मिळतात, पुण्याच्या मोठ्या दुकानात बी मिळतात. मुलाखतीत लोक इचारतात, "सर, हे सगळं सुचतं कुठून?" हा हनुवटीला हात लावून सांगतो, "मी रात्र रात्र स्मशानात बसतो."

स्मशानात!

आरं, मिसरूड फुटंस्तवर परसाकडं जायला मला उठवायचा हा.

विहिरीतल्या सवाष्णीचं त्याचं पुस्तक लई गाजलं, ती माझ्या मावशीची गोष्ट. राखेत उमटणाऱ्या पावलांचं पुस्तक, ती गोष्ट माझ्या भावानं परळीहून आणलेली. बाकी सगळ्या माझ्या मायच्या. मायनं मला सांगितल्या, मी ह्याला मांडीवर घेऊन सांगितल्या. हा त्यात 'किर्र काळोख' तेवढा घालतो.

माय गोष्ट सांगायची तवा तिचे दोन नेम होते.

एक, दिवस मावळल्याबिगर गोष्ट सांगायची न्हाई. दिवसा सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. तुमाला बी लहानपणी कुणीतरी सांगितलं आसंल. तुमी हसला आसाल.

दुसरा, ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. सांगणाऱ्यानं दम घेतला की 'हूं' म्हणायचं. माय म्हणायची, "हुंकाऱ्याची जागा मोकळी ठेवू नगं गं भामे. मोकळ्या जागंवर कुणी बी येऊन बसतंय."

त्या दुपारी दोन्ही नेम मोडले.

माझा भाऊ भागवत परळीहून मोटरसायकलवर निघालता. एकुलता एक भाऊ माझा. तिथल्या थर्मल वीज केंद्राच्या राखंनं छातीत खरखर भरलेली, पण भाऊबीज कधी चुकवली न्हाई. डोळे झाकून आमचं घर गाठंल एवढी त्याला वाट पाठ. मी ओवाळणीचं ताट तयार ठेवलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. पाट मांडला होता.

उत्तरेश्वर ओसरीवर फोनवर बोलत होता. पलीकडं त्याचा पुस्तक छापणारा.

"हो हो, कादंबरी तयारच आहे. शेवट तेवढा राहिलाय, तोही डोक्यात आहे माझ्या. आई? छे हो. अडाणी आहे ती, तिला काय कळतंय."

मी दारातच उभी होते.

"काय रं," मी म्हणलं, "डोक्यात हाय न्हवं तुझ्या? मग काढ की भाईर."

हा ओशाळला. "आई, तसं न्हवं गं. त्या लोकांशी तसं बोलावं लागतंय. बरं, ती अर्ध्या कोयत्याची गोष्ट सांग ना. तू ती कधीच पुरी सांगितली न्हाईस."

"दिवा लागू दे."

"दिवा लागेपर्यंत मी पुण्याच्या वाटेवर आसीन."

"आरं, मामा वाटंवर हाय तुझा."

"मामाच्या मोबाईलमधी नकाशा हाय, आई." दात काढून हसला. "का विसरलीस? विसरली आसशील तर तसं सांग. वय झालं, चालायचंच."

विसरली म्हणला. मला!

मंगल चुलीपासनं म्हणली, "आत्याबाई, नगं ना आज."

"तू पुरणाकडं बघ," मी म्हणलं, अन् ओसरीवर बसले.

उत्तरेश्वरनं मोबाईल चालू करून पाटावर ठेवला. भावासाठी मांडलेल्या पाटावर. म्हणला, "आता मी गप बसणार. माझा आवाज मधी आला की कापत बसावं लागतंय."

"मग हुंकारा कोण देणार, तुझा छापणारा?"

"मान हलवतो की मी."

मी सुरू केली.

उसाच्या तोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. दोघं मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. तर एका गड्याची बायको फडातच तापानं गेली. तिची राख गार व्हायच्या आत मुकादमानं त्याला परत उसात उभा केला...

मी दम घेतला.

"हूं."

मी मनात म्हणलं, आलं पोरगं वळणावर.

पुढं सांगितलं. उसाची मोळी एकट्याला डोक्यावर घेता येत न्हाई. कुणीतरी हात लावावा लागतो. आमच्याकडं वाटंनं जाणारा वैरी आसला तरी 'हात लाव' म्हणलं की थांबतो. वझं उचलायला न्हाई म्हणत न्हाईत. त्या गड्यानं मोळी बांधली. रोज बायको हात लावायची. त्या दिवशी समोर मुकादम उभा होता. गडी म्हणला, हात लावा मालक...

"हूं."

मुकादम म्हणला, मी काय तुझी बायको हाय का रं? सगळी टोळी हसली.

"हूं."

ह्या खेपंला मी दम घेतलाच न्हवता...

मी उत्तरेश्वरकडं बघितलं. त्याचं तोंड बंद होतं. तो मंगलकडं बघत होता. मंगल दारात आलती, हाताला पीठ, अन् ती माझ्याकडं बघत होती.

तिघांतलं कुणीच न्हवतं.

आवाज मागच्या भिंतीकडनं आलता. भिंतीच्या पल्याड आमचा ऊस. डोक्याच्या वर गेलेला.

मी थांबायला पायजे होतं म्हणताल. थांबता आलं न्हाई. जीभ माझी होती, पण गोष्ट कुणीतरी ओढून घेत होतं, विहिरीतनं दोर वढावा तशी.

गड्यानं कोयता उचलला. पहिल्या वारात मुकादमाचा उजवा हात मनगटापासनं खाली. कांडं पडावं तसा. मुकादम त्या हाताकडं बघतच राहिला. दुसऱ्या वारात डावा. मग त्यानं वरडायला तोंड उघडलं, तर तिसरा वार तोंडातच...

"हूं."

जे हसले त्यांच्या मागं धावला. एकाची पाठ उघडी केली. एकाची मान अर्धी तोडून लोंबती सोडली. मग परत आला. ते दोन हात हिरव्या वाढ्यानं, म्हंजी उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, मोळीच्या दोन्ही अंगाला बांधले. रक्त उसाच्या डोळ्यातनं पाझरत होतं. गडी हसला. म्हणला, आता लागले हात.

"हूं. हूं. हूं."

भिंतीला तोंड लावून म्हणावं, इतक्या जवळनं...

अन् मग एकदम बंद.

सगळंच बंद झालं. विहिरीवरची मोटर चालू होती, ती बंद पडली. कोंबड्या गप झाल्या. चुलीवरचं पुरण रटरटत होतं, त्याचा बी आवाज येईना.

त्या शांततेत मोटरसायकल ऐकू आली. भागवतची. तिचा तो फाटका आवाज मी कुठं बी वळखीन.

ती घराजवळ आली...

अन् वळलीच न्हाई. सरळ पुढं गेली. उसाच्या अंगाला.

मी वरडले, "भागवत! आरं घर इकडं!"

उत्तरेश्वरनं फोन लावला. लागला.

"अक्का," भागवत म्हणला, "घर कुठंय गं तुमचं?"

तो चेष्टा करत न्हवता. लेकरू जत्रंत चुकल्यावर बोलतं, तसा आवाज होता.

"कवाचा फिरतोय गं अक्का. नुसता ऊसच ऊस हाय."

"तिथंच थांब! हलू नगंस! आमी आलो!"

"थांबतो... आगं, एक माणूस हाय हितं. मोळी घिऊन उभा हाय. हात लाव म्हणतोय."

"भागवत, न्हाई! हात लावू नगंस! पळ!"

"आसं काय करतीस अक्का? एकटा हाय बिचारा. आलोच."

मग फोनमधनं दुसराच आवाज आला. लई मऊ. जसा कुणी लाजून मागतंय.

"हात लाव..."

खच्च.

ऊस तोडल्याचा आवाज. अन् भागवतची किंचाळी. अशी किंचाळी मी माणसाची ऐकली न्हवती, बैलाची बी न्हाई.

परत एकदा, खच्च.

आमी धावलो. मी पुढं, अनवाणी. पाचटानं पाय चिरले. मोटरसायकल पायवाटंवर स्टँड लावून उभी होती, इंजिन चालू. आत उसात भागवत गुडघ्यावर बसलेला. दोन्ही हात पुढं केलेले, ओंजळ धरल्यासारखे.

ओंजळ न्हवती तिथं.

दोन धारा लागल्या होत्या रक्ताच्या. वरच्या पानापर्यंत उडालं होतं. समोर एक मोळी, नीट बांधलेली. दोन्ही अंगाला माझ्या भावाचे हात, हिरव्या वाढ्यानं बांधलेले. एका बोटात बापाची अंगठी.

माझा थोर लेखक, शंभर पानं रक्तात भिजवणारा, उभ्या उभ्या वकला अन् आडवा झाला. मीच लुगडं फाडून मनगटं आवळली. माझ्या थोरल्या लेकानं, परमेश्वरनं जीप आणली. अंबाजोगाईला नेईस्तवर मी दोन्ही थोटकं छातीशी धरून बसले होते. गरम होती.

भागवत वाचला. डॉक्टर म्हणले, एका हाताला एकच वार, लई धारदार. पोलीस आले. आसपासच्या टोळ्यांचे कोयते घिऊन गेले, तपासून परत दिले. एकावर बी रक्त न्हवतं.

एक गोष्ट पोलिसांनी दोनदा इचारली, अन् आमी दोनदा सांगितली. ती मोळी बांधलेली होती, पण आमच्या फडात एक बी ऊस तोडलेला न्हवता. अन् मऊ रानात पावलं फक्त भागवतची होती.

नंतर उत्तरेश्वरनं ते रेकॉर्डिंग लावलं. मी नगं म्हणत होते.

त्यात माझा आवाजच न्हाई.

मी बोलले तिथं नुसती शांतता. लांबच लांब. अन् मधी मधी...

हूं.

हूं.

मंगल, ऐकतीस न्हवं गं?

हूं म्हणली. आवाज बसलाय तिचा, सर्दी झाली आसंल.

तर भागवत आता आमच्यातच ऱ्हातो. मी घास भरवते. ह्या खेपंला भाऊबीजंला त्याला ओवाळलं, तर म्हणला, "अक्का, ओवाळणी कशानं घालू गं?" मी म्हणलं, "गप बस, लाडात येऊ नगंस." अन् आत जाऊन पदर तोंडात कोंबला.

उत्तरेश्वरचं पुस्तक अडलंय. छापणारा फोन करून थकला. पोरगं वाळून काटकी झालंय. परवा फोनवर म्हणला, "आई, दुपारी लिहायला बसलं की मागनं कुणीतरी हूं म्हणतंय. पुढचं ऐकायला थांबलंय ते. पुण्यात, चौथ्या मजल्यावर." मग म्हणला, "आई, काल लिहिताना मनगटाला गार काहीतरी लागलं."

"पेन खाली ठेव," मी म्हणलं. "जलमात हात लावू नगंस त्याला."

"तू शेवट सांग. शेवट ऐकला की ते जाईल."

त्या दिवशी मोटरसायकल ऐकून मी मधीच उठले होते. गोष्ट तुटली ती तुटलीच. ऐकणारं अजून ताटकळत बसलंय.

शेवट मला येतो. भामाबाई काय बी विसरलेली न्हाई. त्या गड्याला उसात कोंडून लोकांनी फड पेटवला. पहिली काडी पाठीमागनं कुणीतरी लावली. कुणी लावली ते त्याला कळलं न्हाई. मायला माहीत होतं, काडी लावणारं माणूस आमच्याच रक्ताचं होतं. तिनं मरताना ते नाव माझ्या कानात सांगितलं अन् म्हणली, हे तोंडातनं भाईर काढू नगंस.

सांगितलं तर कदाचित माझ्या पोराचे हात वाचतील.

पण ते नाव ऐकल्यावर, मला वाटतंय, त्याला भागवतचे हात पुरायचे न्हाईत.

म्हणून मी अजून सांगितलं न्हाई. तुमाला बी सांगणार न्हाई. नेमानं दिवा लावून, माणूस शेजारी बसवून, जेवढी सांगायची तेवढी सांगितली.

मंगल, उठ आता. भागवतला दूध दे.

...

"आत्याबाई, मी आतच हाय की." मंगल चुलीपासनं बोलतीया. "मगाशीच उठले. दूध उतू चाललं होतं. तुमी हात कापल्याचं सांगत होता तवा."

मी मान वळवत न्हाई. पाटावर काय हाय ते मला बघायचं न्हाई.

हूं.

न्हाई. न्हाई सांगणार मी.

हूं.