ठकीच्या आईची प्रतिक्रिया

ठकीची दाढ पडली, ही बातमी ठकीच्या आईला सगळ्यात शेवटी कळली. तिच्या आधी ती वर्गातल्या सगळ्या पोरांना, त्यांच्या आईबापांना, कुठल्यातरी दूरच्या गावी राहणाऱ्या एका आजोबांना आणि खुद्द ठकीच्या बाबांना कळली होती. आणि बाबा जेवता जेवता मांडीवर टॅब ठेवून ती हसत हसत मोठ्याने वाचत होते.

“‘दाढ हलत होती तेव्हा मी जिभेने तिच्याशी खेळायचे. आता तिथे खड्डा आहे आणि जीभ एकटी पडली आहे.’ अगं, ऐकलंस का? जीभ एकटी पडली म्हणे. कुणावर गेलीय ही कार्टी?”

आईच्या हातातली पळी भांड्यातच थांबली.

“कधी पडली?” तिने विचारलं.

ठकी काहीतरी पुटपुटली.

“काय? मोठ्याने बोल.”

“परवा पडली,” ठकी मोठ्याने म्हणाली आणि खाली मान घालून जेवू लागली.

परवा... म्हणजे परवा रात्री ह्याच ताटाशी बसून पोर एका बाजूने चावत होती आणि जन्मदात्या आईला त्याचा पत्ता नव्हता! पण शाळेतल्या बाईंना होता. बाईंनी खाली लिहिलंही होतं, ‘जीभ एकटी पडली, हे तू किती छान पाहिलंस.’ आणि ह्या बाई कोण? तर त्याच आईची सख्खी धाकटी बहीण.

दोघीच बहिणी. थोरली आणि धाकटी. आई-वडील लवकर गेले तेव्हा थोरली शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं. लहानपणी दाराच्या फळीवर कोळशाने लिहून ती शाळा भरवायची आणि त्या शाळेत एकच विद्यार्थिनी असायची, धाकटी. पुढे धाकटी खरीखुरी शिक्षिका झाली, कारण थोरलीने दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि बाटल्या भरण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे एका प्रखर दिव्यापुढून बाटल्यांची रांग दिवसभर पळायची आणि तडा गेलेली बाटली दिसताक्षणी उचलून बाजूला टाकायची, हे तिचं काम. हजारो बाटल्या दिवसभर एकमेकींवर आपटायच्या. त्या आवाजात वर्षं गेली आणि वर्षांबरोबर डावा कान गेला, उजवा निम्मा राहिला. धाकटीचा निकाल लागला त्या दिवशी थोरलीने तिला जवळ घेऊन बजावलं होतं, “हे बघ, मी तुला शिकवलं असं कुणाला सांगत फिरायचं नाही. उपकाराची दवंडी पिटलेली मला आवडत नाही.” धाकटीने ते कायम पाळलं.

त्यागाचं एक असतं. तो करताना माणूस मोठा असतो, पण त्याचं फळ रोज डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या झाडाला लटकताना बघायचं म्हणजे अंतःकरण फार मोठं लागतं. थोरलीचं अंतःकरण काही लहान नव्हतं. पण धाकटी ठकीच्याच वर्गाची बाई झाली आणि तिने तो ब्लॉग काढला, तेव्हापासून त्यात मत्सराने बिऱ्हाड केलं.

ब्लॉग तसा साधाच. वर्गातली पोरं आठवड्यातून एकदा मनातलं काहीही लिहायची, बाई ते चढवायच्या, आणि घरच्यांनी वाचून खाली आपली प्रतिक्रिया द्यायची. लांबच्या फेऱ्या मारणारा एक ड्रायव्हर बाप वाटेत गाडी थांबवून लेकीच्या गोष्टीला दाद द्यायचा. ते दूरचे आजोबा नातवाच्या गणितात हटकून एखादी वाकडी अट घालायचे आणि वर्गभर पोरं डोकं खाजवायची. शिवाय दर आठवड्याला ‘घरचा पाहुणा’ असायचा, म्हणजे कुणातरी मोठ्या माणसाने आपल्या कामाबद्दल लिहायचं. लोक खूश होते. मुख्याध्यापिका खूश होत्या. घरी तोंड न उघडणारी, लाकडी बाहुलीसारखी गप्प बसते म्हणून जिला ठकी नाव पडलं, ती पोरगी तर तिथे भडाभडा बोलत होती. लिफ्टची भीती, बुटातली मुंगी, स्वप्नात आलेला पंख्याचा आवाज... सगळं सगळं तिथे. आणि घरी? घरी फक्त “हो”, “नाही” आणि “जेवले”.

थोरली कामावरून आली की टॅब घ्यायची, पण लेकीचं लिहिणं वाचण्याआधी तिची नजर खाली धावायची. धाकटीने काय लिहिलंय? ‘वा!’ लिहिलंय? ‘शाबास गं’ लिहिलंय? त्या एकेका शब्दाने तिच्या काळजाला चिमटा बसायचा. पोर माझ्या पोटची, रात्ररात्र जागून ताप उतरवला मी, आणि हिने दोन शब्द टाकून ती स्वतःची केली... तिला स्वतःलाही लिहावंसं वाटायचं. कितीदा तिने ओळ लिहिली आणि कितीदा पुसली. बाटल्या तपासणाऱ्या बाईने त्या शिकलेल्या लोकांत काय लिहायचं? चुकलं तर धाकटी दुरुस्त करेल की काय, ह्या विचारानेच तिचे कान तापायचे. वर्षभरात तिने तिथे एक अक्षर लिहिलं नाही.

“ताई, पुढच्या आठवड्यात पाहुणी म्हणून तू ये ना,” धाकटीने फोनवर ओरडून सांगितलं होतं. “बाटल्यांबद्दल लिही. पोरांना फार आवडेल.”

“मला वेळ नाही. तुझ्यासारखं बसून पगार नाही मिळत मला.”

“बरं,” धाकटी म्हणाली. आणखी काही बोलली असेल तर ते थोरलीला ऐकू आलं नाही.

त्या आठवड्याला पाहुणा मिळाला नाही, म्हणून धाकटीने स्वतःच लिहिलं. मी शिक्षिका कशी झाले! उधारीची पुस्तकं, पहाटेचा अभ्यास, पायी गाठलेलं कॉलेज. सगळं खरं होतं. फक्त त्यात थोरली नव्हती. खाली पालकांच्या कौतुकाचा नुसता पाऊस पडला होता, आणि त्या सगळ्यांच्या शेवटी ठकीची एक ओळ होती. ‘मला मोठेपणी बाईंसारखं व्हायचं आहे.’

ती ओळ थोरलीने पुन्हा पुन्हा वाचली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं घशाशी आलं आणि तिची बोटं आपोआप चालू लागली. ‘कष्टाच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. दुसऱ्याच्या घामावर शिकायचं आणि दुसऱ्याच्या लेकरांचं कौतुक आपल्या खात्यावर जमा करायचं, ह्याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. असल्या माणसाने पोरांना शिकवू नये.’ तिने खाली नाव लिहिलं नाही. नाव लिहिलं नाही म्हणजे आपण निनावी, असा तिचा साधा हिशेब. त्या टॅबवर ब्लॉग ठकीच्या नावाने उघडलेला असतो आणि त्यावरून जे जाईल ते ठकीचं म्हणूनच जाईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाटलीतला केसाएवढा तडा ओळखणारी बाई, पण हे तिला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शाळेचा निरोप आला, ताबडतोब या.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ठकी उभी होती, दुसऱ्या बाजूला धाकटी. मुख्याध्यापिकांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तीच वाक्यं... आणि त्यांच्या डोक्यावर ठकीचं नाव!  थोरलीने खुर्चीची पाठ धरली.

“पालकांचे सकाळपासून फोन येताहेत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “नऊ वर्षांच्या मुलीला ही भाषा कुठून सुचली, हे मी हिला विचारतेय.”

ठकीचे ओठ हलले.

“काय म्हणाली?” थोरलीने विचारलं. “मला ऐकू नाही आलं.”

मुख्याध्यापिकांनी आवाज चढवला. “म्हणते, मीच लिहिलं. दुसऱ्या कुणी नाही.”

थोरलीने लेकीकडे पाहिलं. ठकी आईकडे बघत नव्हती, ती जमिनीकडे बघत होती, पण तिचा लहानसा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेला होता. पोरीला सगळं कळलं होतं! आयत्या बिळावर नागोबा ही म्हण तिच्या घरात कोण वापरतं, हे तिला ठाऊक नसेल?

“मोठ्या बाई, जाऊ द्या,” धाकटी मध्येच म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. “लहान आहे. कुठेतरी वाचलं असेल. मी काढून टाकते ते.”

आणि तिने थोरलीकडे अशा नजरेने पाहिलं, की थोरली समजली... हिलाही कळलं आहे. ह्या जगात त्या घामाची गोष्ट माहीत असलेली माणसं दोनच, आणि त्यातली एक ही. तरी ही मला झाकते आहे.

“काढालच हो,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “पण शिक्षा हवी. यापुढे हिला ब्लॉगवर लिहिता येणार नाही.”

ठकीने मान हलवली. नुसतं “हो”. घरी म्हणते तसं.

गप्प राहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. लेकीने गुन्हा अंगावर घेतला होता, बहिणीने पांघरूण घातलं होतं, वाट अगदी मोकळी होती. आणि खरं सांगायचं तर थोरलीच्या मनाला क्षणभर मोह झालाही. ठकी त्या ब्लॉगवरून उठली तर ती धाकटीपासून सुटेल, पुन्हा आपली एकटीची होईल, असा एक हलका, विषारी विचार मनात सळसळून गेला. पण कोणती ठकी होईल? ती गप्प ठकी? बोलणारी ठकी तर तिथेच राहत होती...

“मोठ्या बाई,” थोरली म्हणाली, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखी गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाली, “ते मी लिहिलं. माझ्या पोरीचा काही संबंध नाही. शिक्षा काय ती मला द्या.”

 मुख्याध्यापिकांनी ठकीला वर्गात पाठवलं आणि थोरलीला एवढंच सांगितलं, की जे सगळ्यांसमोर लिहिलंत ते सगळ्यांसमोरच निस्तरा.

बाहेर व्हरांड्यात दोघी बहिणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. धाकटी उजव्या बाजूला आली. इतक्या वर्षांची सवय होती ती, ताईच्या चांगल्या कानाकडे उभं राहायचं.

“एकदा तरी मला तोंडावर म्हणायचंस ना, ताई,” ती रडत म्हणाली. “मी इतकी वर्षं वाट बघतेय. तू शपथ घातल्यासारखं गप्प केलंस मला. तुझ्याबद्दल एक ओळ लिहायला बसले तरी तूच आठवायचीस, दवंडी पिटू नको म्हणणारी.”

“माझं सगळं तुला मिळालं,” थोरलीचा आवाज फुटला. “ते मी दिलं, त्याचं काही नाही. पण ठकी नव्हती दिली गं मी तुला...”

“मला कुठे मिळालीय? ती माझ्यासाठी लिहिते असं वाटलं तुला?” धाकटीने डोळे पुसले. “तिला ओरडून बोलायला आवडत नाही, ताई. ओरडलं की मनातलं वेगळंच होतं, म्हणते. आणि हळू बोललं तर तुला ऐकू येत नाही. म्हणून ती तिथे लिहिते. मला म्हणाली, आईला हे सांगू नको, तिला तिच्या कानाचं वाईट वाटेल. पण दर वेळी लिहून झालं की विचारते, आईने बघितलं का? वर्षभर रोज खाली तुझं नाव शोधते ती. आणि तू वर्षभरात लिहिलंस ते...”

धाकटीने वाक्य पुरं केलं नाही. थोरलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. धाकटीने तिला जवळ ओढलं, आणि वर्गांची मधली सुट्टी होऊन पोरांचा लोंढा शेजारून गेला तरी दोघी तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी थोरलीने गॅसवर भाजी टाकली आणि स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसून मोबाइलवरून नवऱ्याच्या मदतीने आपल्या नावाने ब्लॉग उघडला. धाकटीच्या लेखाखाली तिने लिहिलं, ‘कालची वाईट प्रतिक्रिया माझी होती, ठकीची नव्हती. बाई माझी धाकटी बहीण आहे. मला शिक्षिका व्हायचं होतं, ते ती झाली, म्हणून मी जळले. ती चांगली शिकवते. ठकीची आई.’ ह्या वेळी तिने पुसलं नाही. आता सगळे वाचतील, तो ड्रायव्हर, ते आजोबा, सगळे. वाचू देत.

मग ती मागे गेली, दाढेच्या गोष्टीपाशी, आणि तिथे शेवटी लिहिलं, ‘कुठल्या बाजूची दाढ? फार दुखली का? ठकीची आई.’

पलीकडच्या खोलीत टॅबचा बारीक आवाज झाला.  थोड्या वेळाने ठकी दारात येऊन उभी राहिली, मग आत आली, आणि आईच्या खुर्चीला टेकून काहीतरी म्हणाली.

थोरलीला ऐकू आलं नाही. “मोठ्याने बोल” हे शब्द सवयीने अगदी जिभेवर आले. ते तिने गिळले. ती खाली वाकली आणि उजवा कान तिने लेकीच्या ओठांशी नेला.

“परत सांग,” ती म्हणाली. “तशीच, हळू.”

ठकीने सांगितलं. दाढेचं सांगितलं, ती कुठे ठेवली ते सांगितलं, लिफ्टचं सांगितलं, बुटातल्या मुंगीचं सांगितलं. तिचा उष्ण श्वास कानाला गुदगुल्या करत होता आणि थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गॅसवरची भाजी खाली लागली, मग करपली, घरभर वास सुटला.

“अगं, करपतंय सगळं! गॅस बंद कर!” बाहेरून नवरा ओरडला.

ते मात्र थोरलीला स्वच्छ ऐकू आलं. पण ऐकू न आल्यासारखं करून ती तशीच वाकून बसून राहिली.