दोन गाण्यांच्या मधे

दार लोटून घे रे, वारं आत येतंय. आणि पोरांनो, मधे कुणी हसायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे झालं तो महेंद्र भिंगारला माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा. लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून. सरळ माणूस. भुताखेताचं नाव काढलं की हाच आधी टिंगल करायचा. म्हणून तर त्याचं खरं वाटतं मला.

साल नव्याण्णव, सतरा जानेवारी, रविवार. अमावास्या होती, पण ते महेंद्रच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो निघाला होता बायकोच्या कामाला.

त्याची सासू, भागिरथीबाई, आदल्या वर्षी वारल्या होत्या. जामखेडच्या अलीकडं एका खेड्यात, मुलाकडं. पुढच्या रविवारी वर्षाचा कार्यक्रम. भंतेजी येणार, पाहुणे येणार, आणि पुढं ठेवायला त्यांचा एक धड फोटो घरात नव्हता. महेंद्रची बायको दीपा म्हणाली, "दादाकडं सगळे आहेत. एक चांगला बघून आणा. हसरा बघा."

दादा म्हणजे जालिंदर. मस्कतला क्रेन चालवायचा. आदल्या वर्षी येताना त्यानं सीडीचं मशीन आणलं होतं. पंचक्रोशीत तसलं पहिलंच. गाण्याची सीडी घातली की गाणी, फोटोची घातली की टीव्हीवर एकामागून एक फोटो. त्यानं मुंबईहून घरचा सगळा आल्बम एका सीडीत भरून आणला. मग आल्बमची किंमत कुणाला? तो पडवीत भिजला, फोटो एकमेकांना चिकटले, उकिरड्यावर गेला. भागिरथीबाई उरल्या त्या एवढ्या सीडीत.

महेंद्र दिवेलागणीला पोचला. जालिंदरनं हौसेनं मटण आणलं होतं. घर नवं, फरशी चकचकीत. पण उंबऱ्यातच महेंद्रचा श्वास अडला. जिकडंतिकडं उदबत्त्या. आणि त्या उदबत्त्यांच्या खाली आणखी एक वास. चिघळलेल्या जखमेची पट्टी लई दिवसांनी सोडावी ना, तसला. ओला. गोडसर.

"उंदीर मेलाय कुठंतरी," जालिंदरची बायको माधुरी घाईनं म्हणाली. विचारलं कुणीच नव्हतं.

ताटं वाढली. रश्श्यावर चरबीचा पांढरा पापुद्रा धरला होता. महेंद्रनं भाकरीचा तुकडा नुसता हातात धरला. जालिंदर मात्र नळी चोखत होता. त्याच तेलकट बोटांनी त्यानं सीडी उचलली, मशीनच्या कप्प्यात ठेवली. "आधी गाणी ऐका, दाजी. फोटो काय पळून चाललेत व्हय?"

गाणी लागली. आवाज एवढा की ताटातली वाटी थरथरायची. थोड्या वेळानं महेंद्रला एक गोष्ट खटकली. जालिंदर एकही गाणं पुरं होऊ देत नव्हता. शेवटचं कडवं आलं की रिमोट दाबायचा, पुढचं सुरू. परत शेवट आला की पुढचं.

"राहू द्या की पुरं," महेंद्र म्हणाला.

"सवय लागलीय," जालिंदर म्हणाला. वर बघितलं नाही.

मग तो हात धुवायला उठला. तेवढ्यात गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मधे असते तेवढीच शांतता. आणि त्या शांततेत, टीव्हीतून, कुणीतरी म्हणालं,

"पानी..."

म्हातारं, कोरडं. घशात काहीतरी चिकटल्यासारखं.

पुढचं गाणं ढणाढणा सुरू झालं. महेंद्रनं माधुरीकडं बघितलं. तिनं ताटात मान घातली होती. घास तोंडात तसाच.

जालिंदर अर्धवट धुतल्या हातानं धावत आला, सीडी काढली, फोटोंची घातली. "चला, आपलं काम करू," म्हणाला. हसला पण.

फोटो सुरू झाले. दीपाच्या लग्नातल्या भागिरथीबाई. नातवाला मांडीवर घेतलेल्या भागिरथीबाई. एकात पदर तोंडाशी धरून मनापासून हसणाऱ्या. महेंद्रचा जीव हलका झाला. "हाच. हाच द्या."

पण फोटो थांबला नाही. पुढचा आला.

पत्र्याचं शेड. बाज. बाजेवर एक बाई, कुशीवर, पाठमोरी. लुगडं पाठीवरून सरकलेलं.

"हा कुणी काढला?" महेंद्रनं विचारलं.



जालिंदरनं बटण दाबलं. परत तेच. पण जवळून. पाठ दिसत होती. पाठ कसली... कातडं नव्हतंच. लाल, पिवळं, मधे खोल. पांढरं हाड. आणि कडेनं काळी किनार.

परत दाबलं. आणखी जवळून.

किनार हलत होती.

फोटो होता तो, पोरांनो. फोटोत काही हलत नाही. पण ती किनार हलत होती. मुंग्या होत्या.

जालिंदरनं मशीनचा कप्पा उघडला. कप्पा बाहेर आला. सीडीवर पिवळं पाणी. दाट, तार धरणारं. आणि त्याच्या मागून मुंग्यांची रांग. मशीनच्या पोटातून. एकेक करून. जालिंदरच्या बोटांवर. बोटं अजून तेलकट होती. मुंग्या त्या तेलाला चिकटत होत्या.

महेंद्रनं वायर उपटली.

शांतता...

आणि मग मागून, घराच्या मागून, शेडातून...

"पानी दे रं, बाबा..."

माधुरी भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. पाठ केल्यासारखं बोलत सुटली. "पडून पडून पाठ चिघळली, वास यायचा म्हनून शेडात ठिवलं हुतं आत्याबाईंना. त्या राती सगळा गाव मशीन बघाया आल्ता. आत्याबाई हाका मारत हुत्या. गाणं संपलं की ऐकू यायचं. मी उठले... तर ह्यांनी आवाज वाढवला. सकाळी जाऊन बघितलं, तर मुंग्या..."

महेंद्र जालिंदरकडं बघत राहिला.

"लोकं बसली हुती," जालिंदर म्हणाला. "लोकांत कसं उठायचं, दाजी? मस्कतहून आल्तो मी." आणि बोलता बोलता त्यानं बोटं चड्डीला पुसली.

महेंद्रनं मला सांगितलं ते असं. मुंग्यांची किळस आली, त्या पिवळ्या पाण्याची आली. पण ओकारी आली ती ह्या बोलण्यानं. दारात जाऊन तो भडाभडा ओकला. पोटात काही नसताना.

मागून हाक येतच होती. पहिल्यापेक्षा बारीक.

जालिंदर उठला नाही. माधुरीही नाही.

तेव्हा महेंद्रच उठला. त्यानं माठातलं पाणी पेल्यात घेतलं. मागचं दार उघडलं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. वास असा की तोंडानं श्वास घेतला तरी जिभेला लागावा. पायाला बाज लागली. त्यानं पेला खाली ठेवला. वर बघायचं धाडस झालं नाही. बाजेची सुंभं करकरली. वजन सरकल्यासारखी.

"आत्या," तो म्हणाला, "उशीर झाला. घ्या."

तो मागं न बघता आला. पायरीवर बसून राहिला. परत हाक आली नाही.

कार्यक्रम झाला. फोटोच्या जागी दीपानं आईचं धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलं, त्यावर पांढरी फुलं. सीडी खराब झाली, एवढंच महेंद्रनं तिला सांगितलं होतं. खरं काय ते तिला आजतागायत माहीत नाही. जालिंदरच्या घरचं अन्न मात्र महेंद्रनं त्यानंतर कधी तोंडाला लावलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायचा, मला तिथलं पचत नाही.

पण त्या पहाटेचं राहिलं सांगायचं.

फटफटलं तसा तो निघाला. जाण्याआधी शेडात डोकावला. बाज रिकामी. खाली धूळ, तिच्यावर त्याच्याच पावलांचे ठसे. पेला रिकामा होता. आता पाणी काय, कुत्र्यानं सांडलं असेल, मांजर प्यायलं असेल. महेंद्रही तेच म्हणाला मनाशी, आणि पेला उचलला.

पेल्याच्या काठाला ओठ टेकल्याची खूण होती. काळी, ओली... मिसरीची.

त्या घरात मिसरी लावणारं आता कुणीच नव्हतं.