भोपळ्याचं तोंड

ईशा, तोंड धुतल्याशिवाय झोपायचं नाही. रंग शोभतो तुला, मी नाही कुठे म्हणतो. पण धू. का, ते सांगतो. बस इथे. हर्षवर्धन, तूही बस.

आपल्या वरच्या मजल्यावर त्रिवेणी भाड्याने राहायची, आठवते ना? नवऱ्या मुलींचा मेकअप करायची ती. तिच्याच बाबतीत घडलेलं आहे हे. दोन हजार तेवीसची एकतीस ऑक्टोबर, मंगळवार. कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती, चंद्र उशिरा उगवत होता.

दुपारी ती सुलतान बाजारात गेली. नारिंगी रंग, काळी पेन्सिल आणि चार स्पंज, एवढंच घ्यायचं होतं. हिमायतनगरच्या एका अपार्टमेंटमधल्या श्रुतीनं तिला बोलावलं होतं. श्रुती पुण्याची, इथे हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत. फोनवर म्हणाली, "ताई, हॅलोवीन आहे, सगळ्या मुलांना एकसारखा पंपकिनचा चेहरा करा. आईलासुद्धा आपलं पोर ओळखू येता कामा नये."

त्रिवेणीला त्या हॅलोवीनचं फारसं काही ठाऊक नव्हतं. पण लग्नसराईला अवकाश होता आणि मुलांची तोंडं रंगवायला तिला आवडायचं.

दिवेलागणीला ती पोचली. गच्चीवर लाल भोपळे पोखरून, त्यांना डोळे-तोंड कापून आत पणत्या ठेवल्या होत्या. दोरीवर काळ्या कागदाची वटवाघळं. वॉचमनची बायको यादम्मा भोपळ्यांचा गर बादलीत भरत होती. रंगवलेल्या मुलांकडे ती मान वर करून पाहत नव्हती. त्रिवेणीनं सहज विचारलं, "यादम्मा, तुम्हारे बच्चे किधर? बुलाओ, उनकू भी बना देती."

"नहीं हैं, अम्मा," यादम्मा म्हणाली आणि बादली घेऊन खाली गेली.

मुलांनी टोपीचे काळे झगे घातले होते. त्रिवेणी एकेकाला स्टुलावर बसवायची. आधी नारिंगी रंग, मग डोळ्यांभोवती काळे त्रिकोण, शेवटी कानापर्यंत फाटलेलं दातेरी हसू. झालं की पोर पळालं. सगळी मुलं घरोघरी बेल वाजवून चॉकलेटं मागायला खाली गेली, तशी ती ब्रश पुसायला लागली.

मान वर केली तर स्टुलावर अजून एक बसलेलं.

टोपी पुढे ओढलेली. कपाळावर ओले केस.

"तू कुठे राहिला होतास रे?"

पोर हळूच म्हणालं, "मेरेकू बी."

तिनं स्पंज लावला. रंग धरेना, ओघळून गेला. तिनं गाल कोरडा केला, पावडर लावली, पुन्हा रंग लावला. पुन्हा ओघळला. पाणी केसांतून येत नव्हतं. गालातूनच पाझरत होतं. आणि गाल असा गार की तिची बोटं आखडली. ताप उतरत असेल, घाम असेल, असं तिनं मनाला समजावलं. थरावर थर देत कसाबसा रंग बसवला. आरसा धरला.

पोर बराच वेळ आरशात बघत राहिलं.

"सबके जैसा?"

"हौ. सबके जैसा."

ते उठलं आणि जिन्यानं खाली गेलं.

थोड्या वेळानं मुलं परत आली, आया त्यांना न्यायला लागल्या. जिन्यातून श्रुतीनं हाक दिली, "ताई, आमच्या तेजसला नेते हो, पेंगुळलाय. हात बघा किती गार पडलाय याचा." तिनं काळ्या झग्यातल्या एका पोराचा हात धरला होता. त्रिवेणीनं मान डोलावली.

गच्ची रिकामी झाली. ती सामान भरू लागली. टेबलावरची काळी चादर ओढली तर खाली दोन पाय दिसले.

तेजस होता. मुठीत चॉकलेट धरून झोपलेला. तोंडावरचा रंग पुसट झाला होता, ओळखू येत होता.

त्रिवेणीनं त्याला उचललं. अंग ऊबदार होतं त्याचं.

मग श्रुतीनं नेलं ते...

ती जिना कशी उतरली ते तिला आठवत नाही. बेल वाजवली. श्रुतीनं दार उघडलं. हातात टॉवेल.

"या ना. हा बाथरूममध्ये आहे. तोंड धू म्हटलं, तर दार लावून..."

तिला त्रिवेणीच्या कडेवरचा तेजस दिसला.

आत नळ चालू होता.



तेजसला जाग आली. "आई," तो म्हणाला.

नळ थांबला.

आणि बंद दारामागून आवाज आला. अगदी तेजसचाच.

"आई..."



"आई, टॉवेल दे."

सवयीनं तिचा हात पुढे झाला. त्रिवेणीनं मनगट धरलं. घट्ट. कडी हलली. एकदा. पुन्हा. मग थांबली.

...

कितीतरी वेळानं त्रिवेणीनं दार ढकललं. कडी लागलेलीच नव्हती. आत कुणी नाही. वर हात जाईल एवढीच जाळी. बेसिन काठोकाठ भरलेलं, पाणी नारिंगी.

श्रुती तिथेच भुईवर बसली. "यादम्माचा मुलगा," ती म्हणाली. "गेल्या वर्षी याच दिवशी जिन्यात उभा होता. मेरेकू बी, म्हणत होता. मी म्हटलं, रंग संपला... होता रंग, ताई." पुढे पावसाळ्यात टँकर आला तेव्हा जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं. पोर आत गेलं. संध्याकाळी सापडलं.

त्रिवेणी खाली आली तेव्हा यादम्मा खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती.

"सबका हो गया, अम्मा?"

"हो गया," त्रिवेणी म्हणाली.

पुन्हा त्या घरी जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण गेल्या दिवाळीनंतर श्रुतीच्या नणंदेचं लग्न निघालं, जावं लागलं. हात धुवायला आत गेली, तर बाथरूमच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा. दर वाढदिवसाला तेजसची उंची मोजतात त्या. त्यांच्या शेजारी, लाकडात नखानं ओढलेल्या दुसऱ्या रेघा होत्या. श्रुती हलक्या आवाजात म्हणाली, त्यांवर दोनदा रंग दिला, ताई. परत उमटतात.

खालची रेघ तेजसच्या खांद्याशी होती. त्यावरची कानाशी.

सगळ्यात वरची, त्या वर्षीची, तेजसच्या डोक्यावरून बोटभर वर गेली होती.