राखाडी फाटक

सायकलच्या पुढच्या लाकडी खोक्यातून बाळाला उचलून फेमके थेट आत आली. कोटाची बटणं चुकीची लागलेली, डोळे सुजलेले.

"लिस्बेत बाई, दुपारी बैठक आहे. मला काढून टाकताहेत. या ठपक्यासकट काढलं, तर पाण्याच्या कामात मला कुणी दारातही उभं करणार नाही."

खासगी तपास करणाऱ्या लिस्बेतने आधी कॉफी ओतली. तिचा धाकटा भाऊ हार्मेन याने बिस्किटांचा डबा पुढे केला, प्रत्येकी एक दिलं आणि झाकण लावून टाकलं.

"रडणाऱ्या माणसाला दोन दिली तरी चालतात रे," लिस्बेत म्हणाली. "हं, सांग."

फेमके पाणी-मंडळासाठी आकृत्या काढायची. कालवे, पंप, फाटकं. प्रत्येक फाटकाच्या चित्रावर ती लिंक लावायची आणि मग सगळी आकृती वेबपानांच्या रूपात बाहेर काढायची. फाटकावर क्लिक केलं की त्याच्या सूचनांचं पान उघडे. गेल्या वादळात समुद्राकडचं चौथं फाटक उघडायचं होतं. उघडलं पाचवं. पाणी एका बागायतदार बाईंच्या ट्यूलिपच्या शेतात घुसलं आणि जमिनीतले कंद कुजून गेले.

"कामावर योरिस होते. ते म्हणतात, चौथ्यावर क्लिक केलं तर पाचव्याचं पान आलं."

"खरंच येतं?"

"आता येतं! पण माझ्या मूळ चित्रात लिंक बरोबर आहे. तर म्हणे, मी ती मागाहून गुपचूप सुधारली."

"वादळानंतर चित्राला हात लावला होतास?"

"दुसऱ्या दिवशी. चौकशीपुरतं चौथं फाटक बंद ठेवलंय, म्हणून ते राखाडी रंगवलं आणि पानं नव्याने काढली. नवी काढली की जुनी पुसलीच जातात. पण तेव्हा मी काही क्लिक करून पाहिलं नाही."

हार्मेनने बहिणीकडे पाहिलं. पोरगी स्वतःच अडकत चालली होती.

मंडळाच्या पंपघरात दोघा भावंडांना आधी भेटला म्हातारा कामगार सिब्रांड.

"बुडू दे ती आकृती!" तो म्हणाला. "फाटक काय बोटाने टिचकी मारून उघडायची वस्तू आहे?"

"वादळात तुम्ही कुठे होता?"

"बांधावर, वाळूची पोती टाकत. संशय घ्यायचा तर घ्या, मला सवय आहे. घरी बायको रोज घेते."

"आणि योरिस? तो बघतो का आकृती?"

"तो? त्याला सगळी फाटकं पाठ आहेत. कोण म्हणतं? तोच म्हणतो."

योरिस गोड बोलणारा माणूस निघाला. त्याने हसत पडदा वळवला. "घ्या, तुम्हीच बघा बाई. बिचारी फेमके. बाळंतपणानंतर लक्ष लागत नाही हो बायकांचं."

लिस्बेतने माउस हलवला. पाचव्या फाटकावर येताच बाणाचं बोट झालं. चौथं फाटक राखाडी होतं. तिथे मात्र बाण निळ्या पाण्यावरच असताना बोट उमटलं. क्लिक केलं, तर पाचव्याचं पान आलं.

"माउस बिघडलाय," हार्मेन कुजबुजला.

शेजारी कचेरीचा नकाशा उघडा होता. खुर्चीवर क्लिक केलं की त्या माणसाचा वाढदिवस दिसे. लिस्बेत लहान मुलासारखी त्याच्याशी खेळत बसली. इथेही बोट खुर्चीच्या अलीकडे, रिकाम्या फरशीवरच यायचं.

"छान आहे! कुणी केला?"

"मीच. इथे एखाद्याचा वाढदिवस विसरलात, तर वर्षभर ऐकावं लागतं."

दुपारी बैठकीला सगळे जमले. फेमके बाळाला मांडीवर घेऊन बसली. संचालक बाई बडतर्फीचा कागद पुढे ओढणार, तोच लिस्बेत उठली.

"सही थांबवा. सकाळी मी या पानाच्या आत डोकावले. चौथ्या फाटकावर एक पेटी, म्हणजे रिकामा चौकोन, ठेवलीय. रंग नाही, कडा नाही, म्हणून दिसत नाही. पाचव्याची लिंक त्या पेटीवर आहे. ती बाजूला केली, तर खालची लिंक चौथ्याचीच. फेमकेची, आणि अगदी बरोबर."

"पेटी तिनेच ठेवली नसेल कशावरून?" योरिसने विचारलं.

"ती लिंक थेट फाटकाच्या चित्राला लावते, म्हणून बोट फाटकावरच येतं. पेटी फाटकाहून मोठी आहे, म्हणून बोट पाण्यावरच आलं. मूळ चित्रात पेटी नाहीच. बाहेर काढलेल्या पानावर कुणीतरी ती वरून चिकटवली. अशीच सवय वाढदिवसांच्या नकाशातही दिसते."

"म्हणजे मी फार तर चुकून..."

"चुकून नाही. पेटीखालचं फाटक राखाडी आहे. तो रंग पुराच्या दुसऱ्या दिवशी आला आणि तेव्हा सगळी पानं नवी निघाली. पुराआधी पेटी असती, तर तेव्हाच पुसली गेली असती. म्हणजे ती त्यानंतर आली. मग वादळात चौथ्यावर क्लिक केल्यावर पाचव्याचं पान उघडेलच कसं?"

हार्मेनच्या डोक्यात आत्ता उजाडलं. "अरे! यांनी आकृती उघडलीच नव्हती!"

"पाठ होतं ना सगळं," सिब्रांड कोपऱ्यातून म्हणाला.

योरिस टेबलाकडे बघत म्हणाला, "वादळात डोकं सुन्न झालं. चौथं की पाचवं... बघायला काय लागत होतं? पण इतकी वर्षं मिरवलं. चुकलो म्हणायला तोंड उरलं नव्हतं."

"आणि माझं तोंड?" फेमके म्हणाली. आवाज चढला नाही. "माझं कंत्राट कच्चं, बाळ तान्हं. दोष माझा म्हटल्यावर विश्वास कुणाचाही बसला असता. म्हणूनच मला निवडलंत ना?"



संचालक बाईंनी पुढ्यातला कागद फाडला. "फेमके, आजच्या आज कायम नोकरीचं पत्र घ्या. आणि बागायतदार बाईंना खरं काय ते मी स्वतः जाऊन सांगते."

"पत्र घेईन," फेमके म्हणाली. "पण आधी, लक्ष लागत नाही म्हणून जे नोंदवहीत माझ्या नावापुढे लिहिलंय, ते खोडा. इथेच, सगळ्यांसमोर."

एवढ्यात बाळाने टाहो फोडला. फेमकेने खुर्ची वळवली नाही की कुणाची परवानगी घेतली नाही. कोट सैल केला आणि त्याला छातीशी घेतलं. संचालक बाई एक एक ओळ खोडत, ती वाचून दाखवू लागल्या. बाळाचे डोळे मिटायला लागले, तसा त्यांचा आवाज आपोआप हळू होत गेला.