कपाटातली कोरी कॅसेट

"आत्या, कानात नाव सांगायला अनयची मानलेली बहीण येणार आहे... तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," मुग्धा नांदेडहून फोनवर म्हणाली. लातूरच्या त्या पिवळ्या, सुस्त दुपारी खिडकीबाहेर बघत सरोजिनीने "बरं झालं, बरं झालं" असं दोनदा म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं, यातच काय ते आलं.

मुग्धा म्हणजे तिच्या भाच्याची, अनयची बायको. पहिल्या लेकीचं बारसं तिच्या माहेरी व्हायचं होतं. तिचं आणखी एक मागणं होतं, ते तिने चाचरतच मांडलं. बारशाला पडद्यावर एक छोटीशी फिल्म दाखवायची आहे, घरातल्या जुन्या कॅसेटी मोबाईलवर दिसतील अशा करून पाठवाल का... अनयच्या आईचं कुठे काही सापडलं तर... थोडक्यात, बारशाला आत्या नको होती, आत्याची फाइल चालणार होती. सरोजिनी हो म्हणाली. नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि या वयात नवीन सवयी लागत नाहीत.

अनय आठ महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. गणपती बुडवून झाले आणि देविकावहिनी किल्लारीकडच्या आपल्या माहेरी गेली. बाळाच्या अंगात ताप होता म्हणून त्याला नणंदेच्या मांडीवर ठेवून, उद्या येतेच म्हणून गेली... आणि पहाटे ती जमीनच हलली. सरोजिनीचं निलंग्याला लग्न ठरलेलं होतं. ते तिने आधी पुढे ढकललं, मग ढकलतच राहिली. मुलाने एक दिवाळी वाट पाहिली आणि कोणालाही दोष न देता दुसरीशी संसार थाटला. अतिशय सज्जन माणूस.

थोरला भाऊ शेषेराव, म्हणजे अनयचे वडील, फिजिक्स शिकवायचे. भूकंपानंतर ते शिकवतच राहिले, सकाळ-संध्याकाळ, सणवार न बघता, आणि लोकांना वाटलं, सरांची केवढी ही निष्ठा! पुढे लातूरच्या भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो झळकू लागले, तेव्हा सरांचे तास कॅमेऱ्याने कॅसेटवर उतरवून लोहा-निलंग्याच्या पोरांना धाडायचं काम सरोजिनीकडे आलं. कॅसेटची सीडी झाली, सीडीची फाइल झाली. काळ बदलत गेला, ओहमचा नियम तोच राहिला.

आणि अनयच्या बारावीच्या वर्षी ते घडलं. स्वतःच्या बारशाची कॅसेट त्याने ट्रंकेतून शोधून काढली, जन्मात पहिल्यांदा आईचा चेहरा हलताना, हसताना दिसेल म्हणून लावली... आणि पडद्यावर फळा आला. फळ्यावर सर्किट, सर्किटशेजारी बाबा. त्याने वळून विचारलं, यावर हे कोणी भरलं? शेषेराव चहा पीत होते. त्यांचा कप ओठांशी थांबला.

"मी भरलं," सरोजिनी म्हणाली. "चुकून झालं रे माझ्या हातून."

त्या एका क्षणात तिने केलेला हिशेब अस्सल लातुरी होता. बारावीचं वर्ष. फिजिक्स बापाकडे. पोराने या वर्षी बापाशी बोलणं टाकलं तर त्याचं कसं व्हायचं? आत्यावाचून काही अडत नव्हतं, आत्या कुठल्याच पेपरला नव्हती.

"चुकून न्हाई," अनय अगदी हळू म्हणाला. "तुला माझी आई व्हायचं होतं. म्हणून तिला पुसलंस तू."

त्यानंतर तो तिच्याशी जेवायला वाढ, दार लाव, एवढंच बोलला. मार्क उत्तम पडले.

...तर त्या पिवळ्या दुपारी सरोजिनीने अडगळीतला कॅसेट-प्लेअर पुसला, त्याच्या रंगीत पिना कॉम्प्युटरला जोडल्या आणि तीच कॅसेट लावली. अनयने ती मधूनच लावली होती, मधूनच ओढून काढली होती. पण फाइल करायची तर कॅसेट पार मागे न्यायची आणि पहिल्यापासून चालू द्यायची, ही तिच्या हाताची रीत. या कामाला घाई चालत नाही. कॅसेट आपल्या चालीने चालते, माणसाने समोर बसायचं.

पडद्यावर कोणी पीठ चाळावं तशी पांढरी भुरभुर झाली. मग रिकामा फळा दिसला. आणि फळ्याच्या अलीकडून, न दिसणाऱ्या दोन माणसांचे आवाज आले.

"दादा, ही नका घेऊ. हिच्यात वैनी हाय." हा तिचाच आवाज, केवढा कोवळा...

"कोरी न्हाई. पोरं खोळंबलीत. सरक तू."

मग पावलं, खडू, ओहमचा नियम. सरोजिनीने हात मांडीवरून उचलला नाही. तास संपला, पुन्हा भुरभुर झाली, आणि त्या धुक्यातून हळूहळू एक पाळणा वर आला... तास कॅसेटपेक्षा छोटा होता! सरांचं सांगून संपलं तिथे देविका उरली होती. हिरव्या साडीत, बाळाचं टोपडं सारखं करत, कॅमेऱ्याकडे न बघता ती म्हणत होती, "वन्सं, हळू सांगा हां नाव. घाबरंल तो."

इतकी वर्षं ती तिथे होती. शेवटपर्यंत बघायचं धाडस घरात कोणी केलं नव्हतं.

सरोजिनीने डोळे टिपले आणि कामाला लागली. फाइल अवाढव्य झाली होती, मोबाईलवर उघडली नसती. तिचा प्रकार बदलण्याआधी तिने सुरुवातीचे ते दोन आवाज निवडले, कापण्यासाठी.

"ते राहू दे, सरू."

शेषेराव दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"दादा, आता कशाला? त्याला लेक झालीय. सुखात हाय तो."

ते आत येऊन क्लासच्या पोरांच्या बाकावर बसले. एरवी फळ्याशी उभे राहणारे ते त्या बाकावर पहिल्यांदाच बसले असावेत.

"कोरी होती," ते म्हणाले. "कपाटात होती कोरी. मी रोज देविकाला बघून राहिलो होतो, सरू. क्लास सुटला की लावायचो. फळ्याकडं वळलं की तिथंबी तीच दिसायची. वाटलं, वरनं काहीतरी भरून टाकावं... काहीबी. ओहमचा नियम तर ओहमचा नियम." त्यांनी हात चोळले, तिथे नसलेला खडू झटकला. "आणि त्या दिवशी तू 'मी भरलं' म्हणालीस, आणि मी चहा पिऊन टाकला."

"मला माहीत होतं," सरोजिनी म्हणाली. "कोऱ्या मीच आणून ठेवल्या होत्या."

यावर तिचा थोरला भाऊ, ज्याच्या आवाजाला अख्खं लातूर ओळखत होतं, आवाज न करता रडला. मग त्याने अख्खी फाइल मागितली. न कापलेली. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह खिशात घालून तो नांदेडच्या एसटीत बसला.

अनयचा फोन आला नाही. मुग्धाचा आला, फक्त एवढंच म्हणायला, की आत्या, तुम्ही या. नांदेडच्या वाटेवर लोह्यापर्यंत सरोजिनी स्वतःला बजावत राहिली, की नातीला लांबून बघायचं, जेवायचं, निघायचं.

पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या, अनयची मानलेली बहीणही त्यांच्यातच मागे सरून उभी होती. मुग्धाची आजी बसम्मा सगळ्यांना बाजूला सारत म्हणाली, आत्या कुठंय पोरीच्या बापाची, तिला पुढं येऊ द्या की. सरोजिनी पुढे झाली आणि पाळण्याशी येऊन थबकली. तिला नाव काय ते कोणी सांगितलंच नव्हतं.

अनय पुढे आला. नाव सांगायला तिच्या कानाशी वाकला. मग म्हणाला, "आत्या..." एवढंच. आणि पुन्हा, "आत्या." लोकांना वाटलं, नाव लांबलचक दिसतंय. शेवटी एकदाचं ते नाव त्याच्या तोंडून बाहेर पडलं, आणि ती पाळण्यात वाकून, बाळ घाबरू नये इतक्या हळू, कुर्रर्र करून म्हणाली, "देविका."

रीतीप्रमाणे बायकांनी नाव ठेवणारीच्या पाठीत दणादण धपाटे घातले. सरोजिनी मान वर करीना. तिचे खांदे हलताना पाहून बसम्मा ओरडली, "अगं हळू मारा, वय झालंय त्यांचं, लागलं वाटतं."

"न्हाई लागलं," पाळण्यातूनच सरोजिनीचा आवाज आला. "मारा गं तुम्ही. अजून मारा."