डाव्या खांद्याचं माप

फोन ठेवून पाच मिनिटं होऊन गेली होती, तरी दीक्षाचं मशीन चालूच होतं. सुईतला दोरा केव्हाच तुटला होता आणि कुणाच्या तरी शाळेच्या निळ्या ट्युनिकवर नुसतीच भोकं पडत होती... पण तिचा पाय काही केल्या थांबेना.

"ताई, हे गेले..." भावजय भावना फोनवर एवढंच बोलली होती. पुढचं कुणीतरी पोलिसानं सांगितलं. काटोल रोडवरची नाकाबंदी, पळून जाणारं एक भरधाव पिकअप, समोर शाळेची तीन मुलं घेऊन येणारी ऑटोरिक्षा, आणि लोखंडी बॅरिकेड छातीनं ढकलत मध्ये आडवा झालेला पोलीस शिपाई प्रेमानंद, दीक्षाचा धाकटा भाऊ. ऑटोतल्या तिन्ही मुलांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"बंद कर वं ते मशीन," तिची आई बायजाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती. "तूच म्हणे न, या दारात येऊ नको म्हणून? घे. आता नाही येत तो."

जमलेल्या शेजारणी चपापल्या. दीक्षानं मात्र मान वर केली नाही. आईचं काय चुकलं? हेच दार, हाच उंबरठा, आणि सहा वर्षांपूर्वी याच तोंडातून बाहेर पडलेले ते शब्द!

बाप गेला तेव्हा दीक्षा नर्सिंगला होती. कॉलेज सोडून ती इंदोरा वस्तीतल्या घराच्या या पुढच्या खोलीत मशीनवर बसली ती उठलीच नाही. दोन सोयरिकी आल्या तशा गेल्या, आणि तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेला प्रेमा तिच्या शिवणावर शिकला, वाढला, एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. सतरा वर्षं तिनं त्याची वाट पाहिली. सीमेवर कुठं काही झालं की ही इथं घास टाकून टीव्हीसमोर बसायची. एकदा गाडी उलटून त्याचा डावा खांदा मोडला, तेव्हा दोन महिने रोज तेल लावून तिनंच तो हलता केला, पण खांदा अर्धा इंच खाली राहिला तो राहिलाच. अखेर तो निवृत्त होऊन घरी आला, लग्न झालं, आणि तिला वाटलं, सुटलो एकदाचे... वर्षही झालं नसेल, तो माजी सैनिकांच्या जागेवर पोलिसात भरती होऊन पेढे घेऊन दारात उभा राहिला.

"मले भाऊ पायजे, त्याची बातमी नाही पायजे," ती म्हणाली होती. "खाकी घालून या दारात येऊ नको. आणि तुई वर्दी माह्या मशीनवर शिवल्या जाणार नाही."

प्रेमा हसला नाही की रागावला नाही. पेढे उंबऱ्यावर ठेवून तो गेला. त्यानंतर बायजाबाईच महिन्यातून दोनदा क्वार्टरवर जाऊन लेकाला भेटून यायची, आणि आल्यावर दीक्षाशी दोन दिवस बोलायची नाही.

संध्याकाळी हवालदार कवडू आला. प्रेमानंदच्याच ठाण्यातला, दीक्षाचं जुनं गिऱ्हाईक. टोपी हातात घेऊन तो दारात उभा राहिला.

"ताई... सकाळी मैदानावर सलामी आहे. भावनावहिनी म्हणतात, त्याईले वर्दीतच न्यायचं. अंगावरची तर दवाखान्यात कापली." त्यानं मशीनकडं पाहिलं. "ते माह्या नावानं टाकलेली वर्दी..."

"तयार आहे," दीक्षा म्हणाली. "बटणं राहिली फक्त."

"ताई, ते माही नाही होय."

"माहीत आहे मले."

बायजाबाई खाटेवरून उठून बसली.

"तुमच्या बाहीवर तीन पट्ट्या आहेत, कवडूभाऊ," दीक्षा खाली बघत बोलू लागली, "आणि पहिल्या खेपेपासून तुम्ही म्हणत राहिले, पट्ट्या लावू नका. नमुन्याले म्हणून जो शर्ट आणला त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. तुमचे दोन्ही खांदे सारखे आहेत. या हातानं दोन महिने तेल लावलं त्या खांद्याले... मले नाही कळणार? सहा वर्षं त्या खांद्यात आतून कापूस भरून देत राहिली. वाकडा दिसू नये म्हणून."

"मग बोलल्या काहून नाही, ताई?"

काय सांगणार होती ती? की बोललं असतं तर शपथ मोडली असती, आणि शपथ मोडायला तिचा हट्ट तयार नव्हता. की दर सहा महिन्यांनी ते कापड हाताखाली आलं की भाऊ धडधाकट आहे एवढं तिला कळायचं, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं. सोमवारी मात्र तिच्यानं राहवलं नाही. कापडाचं माप घेता घेता ती कवडूला म्हणाली होती, "या खेपेले ट्रायल घ्यावी लागते. ज्याची वर्दी आहे, त्यालेच पाठवा."

"सांगतलं होतं का तुम्ही त्याले?" तिनं आता विचारलं.

"त्याच दिवशी सांगतलं. रडला, ताई. फौजी माणूस, पण ठाण्यात सगळ्याईसमोर रडला. शुक्रवारी ताईकडे जायचं म्हणून..." आणि कवडू हातातली टोपी फिरवू लागला.

"म्हणून काय?"

"शुक्रवारची सुट्टी पायजे होती त्याले. म्हणून आजची ड्युटी दुसऱ्याची करून राहिला होता."

दीक्षाच्या हातातली कात्री खाली पडली. तिनं बोलावलं... आणि म्हणून तो तिथं उभा होता! तिला रडूच येईना. ती भिंतीला टेकून नुसती बसली, आणि आईच्या नजरेला नजर देण्याची हिंमत तिला होईना.

मग रात्र सरेपर्यंत तिनं पाच बटणं लावली.

सकाळी दवाखान्यात भावना पांढऱ्या लुगड्यात बाकावर बसली होती. दीक्षानं वर्दीचं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं आणि तिचे पाय धरले.

"माह्यामुळं झालं, भावना. मी बोलावलं त्याले."

भावनानं तिला दंडाला धरून उठवलं. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"कवडूभाऊंनी सांगतलं मले. ताई, दुसरं कोणी तिथं राहिलं असतं, तर ते बॅरिकेड कोणी ढकललं असतं का, सांगता येते का? तीन लेकरं घरी गेली काल." तिनं वर्दीचं गाठोडं जवळ ओढलं. "ते सोमवारी घरी आले तर आरशापुढं उभे राहिले. म्हणे, ताईपुढं उभं राहाचं आहे. माणूस चार दिवस हसत होता, ताई. ते हसणं तुम्ही दिलं. आता ट्रायल तुम्हीच घ्या."

आणि दीक्षानं सहा वर्षांनंतर भावाला हात लावला. कवडूनं आधार दिला, तिनं बाही चढवली, बटणं लावली, भावनानं दिलेल्या फौजेतल्या पदकांच्या फिती डाव्या खिशावर टाचल्या. मग खांद्यावरून तळहात फिरवला. कुठंही सुरकुती नव्हती.

मैदानावर जवान रांगेत उभे होते. साहेबांनी सतरा वर्षं फौज आणि सहा वर्षं पोलीस असं सगळं वाचून दाखवलं, भन्तेंनी त्रिशरण-पंचशील दिलं, बिगूल वाजला, हवेत तीन फैरी झडल्या. गर्दीच्या पुढं तीन मुलं शाळेच्या गणवेशात आपापल्या आईचं बोट धरून उभी होती. तिरंग्याची घडी भावनाच्या हातात देऊन साहेबांनी सलाम ठोकला. दीक्षा सगळ्यांच्या मागं उभी होती. पुढं जायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

गर्दीतून वाट काढत बायजाबाई तिच्याजवळ आली. काल दुपारपासून ती लेकीशी एक शब्द बोलली नव्हती.

"दीक्षे, चाल पुढं."

"माय, मी..."

"चाल म्हणतो न. त्याचा खांदा पाह्यला का? फौजेत गेला तवा होता, तसा सरळ दिसून राहिला."

"कापूस भरला आहे, माय," दीक्षा कशीबशी म्हणाली.

"दर खेपेले भरे का वं?"

"दर खेपेले."

बायजाबाईनं तिचा हात घट्ट धरला आणि लेकाच्या उशाशी नेऊन उभं केलं. दीक्षा खाली वाकली. खाकीचा तो डावा खांदा तिनं एकदा नीट केला.

"बरोबर बसली गा, प्रेमा," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं.